शिवसागराकाठची महागडी जंगल रिसॉर्ट्स : सहकुटुंब राहून आल्यावर

कृष्णाकाठची

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आम्ही सगळे, म्हणजे मी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई, सांगलीहून कोयनेच्या खोऱ्यात राहून आलो. दोन ठिकाणी मुक्काम केला. पहिलं रिसॉर्ट बामणोली-तापोळा पट्ट्यात, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यालगत. दुसरं महाबळेश्वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. दोन्हींचं भाडं एका रात्रीला पाच आकडी, आणि दोन्हींच्या जाहिरातीत जंगल, शांतता, तारे, पक्षी हेच सगळं. प्रत्यक्षात एका ठिकाणी जंगल भेटलं, दुसऱ्या ठिकाणी फक्त खिडकीतून दिसलं. एवढे पैसे मोजण्याआधी काय विचारावं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा धागा. नावं देत नाही. व्यवस्थापक बदलला की जागा बदलते, त्यामुळे आज दिलेलं नाव वर्षभराने उपयोगाचं राहीलच असं नाही.

आधी पहिल्या जागेबद्दल, कारण तिथलं सांगण्यासारखं जास्त आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यामुळे पायऱ्या, संडास, गरम पाणी हे आमच्यासाठी आधी, मग बाकीचं. तिथे खोलीपर्यंत उतरती फरसबंदी वाट होती, न्हाणीघरात धरायला दांडी होती, पलंग उंच होता. खोल्या मोजक्या आणि एकमेकींपासून लांब. वाटेवर गुडघ्याच्याही खाली येतील असे मंद पिवळे दिवे, तेही साडेनऊला बंद. प्रत्येक खोलीत एक बॅटरी ठेवलेली. पहिल्या रात्री धाकटीला त्या अंधाराची भीती वाटली. तासाभराने तीच बाहेर ओढत होती. पूर्वेला मृग वर आला होता, कृत्तिकांचा पुंजका स्पष्ट दिसत होता. सासूबाई खुर्चीत बसून म्हणाल्या, "ते बघ तिकांडं. ते मावळतीला झुकलं की आमचे दादा मोट जुंपायला उठायचे." इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगलीत आमच्या गच्चीवरून तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, दिसतं, पण बघायला कुणी वर मान करत नाही.

रात्री उशिरा कुत्रा भुंकावा तसा आवाज पलीकडच्या रानातून येत राहिला. सकाळी गाईडने सांगितलं, ते भेकर होतं. बिबट्याची चाहूल लागली की असं ओरडून वर्दी देतं.

हा गाईड म्हणजे शेजारच्याच गावातला पंचविशीतला मुलगा. अभयारण्य पाण्यापलीकडच्या काठाला, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं. आम्ही फिरलो ते अलीकडचं गावाचं रान आणि एक देवराई. त्या दोन-अडीच तासांत मुलांनी जे पाहिलं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. शेकरूचं घरटं, आणि थोड्या अंतरावर दुसरं, तिसरं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं आणि त्यातली काहीच वापरतं. अस्वलाने उकरलेलं वारूळ. ओल्या मातीत गव्याचे खूर. वाळलेली कारवी दाखवून तो म्हणाला, "आमच्या जुन्या घराचा कुड ह्याचाच." कारवी बऱ्याच वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते, फुलून मरते, आणि त्या वर्षी मधमाश्या नुसत्या तुटून पडतात. अंजनी, पिसा, हिरडा, जांभूळ ही झाडं पानावरून कशी ओळखायची ते थोरल्याने वहीत लिहून घेतलं. त्याला शाळेच्या प्रकल्पासाठी मी महिनाभर झाडं ओळखायला सांगत होते.

सासूबाईंना चढ झेपणार नाही हे ओळखून त्या मुलाने त्यांना देवराईच्या तोंडाशी दगडावर बसवलं आणि म्हणाला, "आज्जी, तुमी हितंच बसा. आमी जाऊन येईस्तोवर धनेश हितं येतोय बगा." आणि आला. राखी धनेश, जोडीने. परत आलो तर सासूबाईच आम्हाला वर्णन करून सांगत होत्या.

जेवण गावातल्या बायकांच्या हातचं. नाचणीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, कुळथाचं पिठलं, माईनमुळ्याचं लोणचं. तूप मागावं लागलं नाही.

आता दुसरी जागा. खोली याहून मोठी, गादी उत्तम, नोकरवर्ग अतिशय अदबीचा, फोन केला की डॉक्टर येईल अशी सोय. सोंडेच्या कडेला पोहण्याचा तलाव, त्यात मुलं खूश, हे खरंच सांगायला हवं. पण अख्ख्या उतारावर मोठे पांढरे दिवे, ते पहाटेपर्यंत चालू. शेकोटीजवळ स्पीकर, विनंती केल्यावर दहाला बंद केला. (रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, सन २००० पासून. विनंती करावी लागते हेच मला खटकलं.) निसर्ग-मार्गदर्शक म्हणून खाकी कपड्यांतला एक मुलगा होता. मनाने चांगला, पण दुसऱ्या राज्यातून नुकताच आलेला. त्याला हिरडा दाखवता आला नाही. स्वयंपाकघरामागे उघड्यावर टाकलेल्या उष्ट्यावर वानरं बसलेली. आणि त्या तलावात भरायला पाणी टँकरने वर चढवतात, हे चालकाकडून कळलं. पावसाळ्यात धो धो पाऊस होऊनही या डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. त्या पाण्यात आपली मुलं डुंबतात हे कळल्यावर मला तिथे बसवेना.

माझं म्हणणं एवढंच की जंगलातल्या रिसॉर्टचे एवढे पैसे आपण गादीसाठी देत नाही. अंधार, शांतता आणि रान ओळखणारा माणूस, यासाठी देतो. ते मिळणार का हे बुकिंग करताना फोनवर विचारा. रात्री बाहेरचे दिवे किती वाजता बंद करता? गाईड कुठल्या गावचा? पाणी कुठून आणता, उष्टं कुठे टाकता? ज्यांच्याकडे उत्तरं असतात ते लगेच देतात.

यवतेश्वर

फार चांगलं लिहिलंत ताई. सातारकर म्हणून दिव्यांबद्दल विशेष बोलतो. संध्याकाळी शहरातून यवतेश्वरच्या डोंगराकडे पाहिलं की लहानपणी काळा डोंगर दिसायचा, आता दिव्यांची माळ दिसते.

कासच्या पठारावर पर्यटनाला आवर घालण्याचा प्रश्न फुलांच्या निमित्ताने आधीच येऊन गेला आहे. पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं, त्याच यादीत कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानही आहेत. त्यानंतर माणसांचा लोंढा सुरू झाला. जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर माती, त्यात सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, वायतुरा अशी झाडं. माणूस चालला की संपलं. म्हणून हंगामात रोज तीन हजार जणांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समित्यांकडे व्यवस्था. पुढे तारेचं कुंपण घातलं. गुरांची चराई थांबल्याने गवत माजतं आणि फुलं दबतात असं अभ्यासकांनी सांगितल्यावर तेही काढलं. म्हणजे नियम करता येतात, चुकले तर सुधारताही येतात. मग रिसॉर्टच्या दिव्यांना नियम का नको? आमच्या शहराचं पिण्याचं पाणी कास तलावातून येतं, त्यामुळे वर काय सांडतं याची आम्हाला थेट काळजी आहे.

पायपीट

एका रात्रीला पाच आकडी हे मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. बामणोलीत एखाद्या घरी उतरा, सकाळी वनखात्याची परवानगी काढा, लाँचने पलीकडे मेट इंदवलीला जा आणि वासोटा चढा. व्याघ्रगड हे नाव शिवाजी महाराजांनी दिलेलं, आणि चढताना ते नाव का दिलं असेल ते कळतं, इतकं दाट रान आहे. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. चौकीवर सोबतचं प्लास्टिक मोजून अनामत घेतात, परत आणून दाखवलं की पैसे परत. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. जंगल बघायचं तर असं. भेकराचं ओरडणं घरच्या ओसरीवरूनही ऐकू येतं, त्याला रिसॉर्ट लागत नाही.

कृष्णाकाठची

पायपीट, तुमचं बरोबर आहे, आणि मुलं थोडी मोठी झाली की वासोटा नक्की करणार. पण सासूबाईंना ओसरीवर सतरंजी टाकून झोपवता येत नाही. उकिडवं बसता येत नाही. त्या गेली कितीतरी वर्षं प्रत्येक सहलीला "तुम्ही जाऊन या" म्हणत घरी राहिल्या. या वेळी पहिल्यांदाच आल्या आणि धनेश बघून आल्या. दांडी असलेलं न्हाणीघर ही त्यांच्यासाठी चैन नाही. ज्यांना परवडतं त्यांनी हे पैसे द्यावेत असं मला वाटतं, फक्त ज्या जागी ते पोहोचायला हवेत त्या जागी द्यावेत.

जावळीकर

मी याच खोऱ्यातला. एका रिसॉर्टवर कामाला आहे, नाव सांगत नाही. ताईंनी गाईडबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं म्हणून लिहितोय.

आमच्या आजोबांच्या पिढीचं रान आणि शेत पाण्यात गेलं. वडिलांची पिढी मुंबईला गेली. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी पट्ट्यातली घरंच्या घरं माथाडीत आहेत. अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या चळवळीतून आला, त्यामुळे निदान त्या पिढीला हक्काची मजुरी मिळाली. गावात राहिले ते म्हातारे आणि बायका. आता रिसॉर्ट आली म्हणून माझ्या वयाची पोरं गावात दिसतात, हे खरं आहे आणि मला त्याचं मोल आहे. आईचं आजारपण मी जवळ राहून काढलं, मुंबईत असतो तर जमलं नसतं.

पण सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी गावातल्या पोरांना फक्त भांडी आणि माळीकाम. पाहुण्यांसमोर बाहेरचा माणूस, कारण त्याला इंग्रजी येतं. रान आम्हाला येतं. गवा कुठल्या ओढ्यावर पाण्याला येतो, मोहोळ कुठल्या कड्याला लागतं, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. काही ठिकाणी गाईडला पगारच नसतो, पाहुणे खुशीने देतील तेवढंच. पावसाचे महिने तर बिनपगारी. तेव्हा बुकिंग करताना एवढं अजून विचारा, की फेरीचे पैसे खोलीच्या भाड्यातून गाईडला मिळतात का, आणि पावसाळ्यात त्याला कामावर ठेवता का. पाहुणे विचारायला लागले की मालक ऐकतात. आम्ही विचारलं तर ऐकतीलच असं नाही.

आणखी एक. गुंठ्याने जमीन विकलेल्या घरातलीच माणसं त्याच जमिनीवर कामाला आहेत. तो पैसा टिकला नाही. ज्या गावात पोरांनी जमीन न विकता तीन-चार खोल्या स्वतः काढल्या, तिथे चित्र वेगळं आहे. त्यातल्या काही खोल्यांत आता कमोड आणि गरम पाणी दोन्ही आहे. ताई, पुढच्या वेळी आज्जींना घेऊन तिकडेही या.

कृष्णाकाठची

दादा, नक्की येऊ. तुम्ही गाईडच्या पगाराचं लिहिलंत ते मला सुचलंच नव्हतं. फोनवर विचारायच्या गोष्टींत ते आता पहिलं.

वारणाकाठ

मी शिराळा तालुक्यातला. आमचं मूळ गाव चांदोलीच्या आत होतं. आता पुनर्वसन वसाहतीत राहतो.

या धाग्यावर पाण्याच्या काठाचं फार सुंदर वर्णन आलंय. वाचताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. शिवसागर काय, वारणेचा वसंतसागर काय, ते पाणी जिथे आहे तिथे गावं होती. कोयनेची माणसं साठच्या दशकात सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी कुठे कुठे पांगली. आमच्याकडे धरणाने काही गावं गेली, उरलेली अभयारण्यासाठी उठवली. पुढे २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा. रान राखलं गेलं याचा मला अभिमान आहे. आमच्या माणसांनी किंमत दिली म्हणून ते राखलं गेलं, हेही पाहुण्यांना ठाऊक असावं.

माझे वडील दरवर्षी मणदूरहून आत जायची परवानगी मिळेल तेव्हा जातात. झोळंबीच्या सड्यावर उभे राहून बोटाने दाखवतात, इथे खळं होतं, इथे तालीम. सोबतच्या पर्यटकांना वाटतं हे काहीतरी गवे-बिवे दाखवतायत.

तेव्हा होडीत बसलात की नावाड्याला विचारा, खाली कुठलं गाव आहे. तो सांगेल. मुलांनाही ऐकू द्या.

सुट्टीतला

सगळ्यांचं मान्य करून वेगळं मत मांडतो. मी पुण्यात नोकरी करतो, वर्षातून एकदा चार मित्रकुटुंबं मिळून जातो. आम्हाला तलाव, गाणी, गप्पा हवे असतात. झाडांची नावं नको असतात. पैसे मोजून थोडी मजा केली तर ते चूक कसं?

कृष्णाकाठची

चूक नाहीच. माझ्या मुलांनाही तलाव आवडला. पण तुमची गाणी तुमच्या भिंतीत राहत नाहीत, दरीत उतरतात, आणि खाली राहणाऱ्याने त्याचे पैसे घेतलेले नसतात. वाई, पाचगणी, साताऱ्याच्या आसपास हायवेलगत अशी मजा करायला उत्तम जागा आहेत. अभयारण्याच्या काठावरची मोजकी जागा तेवढी शांत राहू द्या, एवढीच विनंती.

उतारमाती

कऱ्हाडचा आहे, बांधकाम क्षेत्रातला. खोलीच्या खिडकीतून काय दिसतं हे सगळे बघतात, खोलीच्या मागे काय आहे ते कुणी बघत नाही. डोंगर उभा कापून त्याच्या पायथ्याशी खोली बांधली असेल तर त्या कापाला भिंत आहे का, भिंतीतून पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. भोकं बुजलेली असतील आणि भिंतीला पोट आलं असेल, तर पावसाळ्यात तिथे राहू नये.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे अतिवृष्टीत दरडी कोसळून घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. ती साधी वाडीतली माणसं, कुठलं रिसॉर्ट नाही. पण आपली माती पाणी प्यायल्यावर काय करते हे तिथे दिसलं. त्यात हा भूकंपाचा पट्टा, ११ डिसेंबर १९६७ कोयना विसरलेली नाही. अशा ठिकाणी सोंडेच्या अगदी कडेला पाण्याने भरलेला तलाव बांधताना भूगर्भतज्ज्ञाला विचारलं होतं का, हा प्रश्न मला तरी पडतो.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामाला बंधनं आहेत. म्हणून ओढा आता कोयना-कास-बामणोलीकडे वळला. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पात सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं घेऊन आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा किती जणांनी लिहून दिलं? पुढच्या वेळी अशी सूचना निघाली की गावकरी, पर्यटक, सगळ्यांनी लिहा. उताराची मर्यादा किती अंशांपर्यंत, पाणी कुठून, सांडपाणी कुठे, एवढे तीन मुद्दे जरी प्रत्येकाने मांडले तरी अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

यवतेश्वर

उतारमाती, हरकत कशी लिहायची याचा नमुना इथे टाकाल का? जावळीकर दादांच्या गावातल्या ग्रामसभेलाही तो उपयोगी पडेल.

उतारमाती

रविवारी वेगळा धागा काढून टाकतो.

आंबाडा

उशिरा वाचतेय. जानेवारीत दीड वर्षाच्या मुलीला घेऊन जायचं म्हणतोय. पाण्याकाठी थंडी कितपत? आणि रात्री काही लागलं तर?

कृष्णाकाठची

पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि गारठा चांगलाच, ऊन वर आल्याशिवाय बाळाला बाहेर काढू नका. कानटोपी, पायमोजे जास्तीचे. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे रिसॉर्टवर लावलेला फोन चालतो का आणि रात्री गाडी व चालक तिथेच मुक्कामाला असतात का, हे आधी विचारा. मोठं रुग्णालय साताऱ्यालाच, घाटाने दीड तास तरी धरा. नेहमीची औषधं सोबत असू द्या. दूध सकाळी गावातून येतं, ते मात्र ताजं मिळेल.

यवतेश्वर

साताऱ्यातच पेट्रोल भरून निघा, वर पंपाची खात्री नाही. कास ते बामणोली उतारावर वळणं खूप आहेत, बाळाला निघण्याआधी पोटभर पाजू नका, अर्ध्या वाटेत थांबून पाजा. आणि अंधार पडल्यावर हा रस्ता करू नका, गवे रस्त्यावर येतात. दुपारी चारच्या आत पोहोचाल असं बघा.